नऊपैकी शून्य

आपटा हे आमच्या कुलाचं नाव. बालाघाट निवासी विद्यापीठात अशी चोवीस कुलं आहेत, सगळ्यांना झाडांची नावं दिलेली. २०४३ सालच्या जूनमध्ये, म्हणजे ही गोष्ट सुरू होते तेव्हा, आपटा तेविसाव्या क्रमांकावर होतं. चोविसावं शिरीष. पण त्यांच्याकडे सांगायला निदान कारण तरी होतं, त्यांच्या निम्म्या मुलांना कावीळ झाली होती. आमची बाराही मुलं धडधाकट, वेळेवर जेवणारी, आणि एकमेकांशी कामापुरतं बोलणारी.

मी निर्मला धारूरकर. रसायनशास्त्र शिकवते आणि आपट्याची कुलपालक आहे. कुलपालक म्हणजे पूर्वीचा रेक्टर. रेक्टर रात्री कोण भिंतीवरून उडी मारून आलं ते बघायचा, कुलपालकानं कुणाला काय कळलं ते बघायचं. पहिलं काम सोपं होतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

कुलाची कल्पना तशी साधी. वेगवेगळे विषय शिकणारी बारा मुलं एका घरात राहतात. स्वयंपाक, झाडलोट, बाजारहाट पाळीपाळीनं करतात. वर्ग वेगवेगळे, पण संध्याकाळी सहाला सगळे एका पंगतीत बसतात आणि दिवसभरात जे शिकलो ते दुसऱ्याच्या गळी उतरवायचा प्रयत्न करतात. शिकणं वर्गात थोडंच होतं, बाकीचं होतं ते दुसऱ्याला सांगताना, या समजुतीवर अख्खं विद्यापीठ उभं आहे. इथवर ठीक होतं. पुढचा भाग मल्हारचा.

डॉ. मल्हार उपासनी एके काळी माझाच विद्यार्थी. वर्गात दुसऱ्या बाकावर बसून पेन चावायचा. आता 'मेळ' नावाच्या यंत्रणेचा प्रमुख आहे आणि अजून पेन चावतो. मेळ काय करतं ते त्यानं मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी खरोखर थक्क झाले होते. दोन माणसं मन लावून एकाच गोष्टीबद्दल बोलू लागली की त्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास, त्वचेचा ओलावा हे सगळं थोड्याशा अंतरानं एकमेकांच्या मागे जायला लागतं. हे निरीक्षण जुनंच. मल्हारनं प्रत्येक मुलाच्या हातात हे टिपणारं एक कडं घातलं आणि त्याला सकाळच्या पडताळ्याची जोड दिली. पडताळा म्हणजे न्याहारीआधीची वीस प्रश्नांची परीक्षा, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पंगतीत जो विषय रंगला त्यावर नऊ प्रश्न, बाकीचे इकडचे-तिकडचे. एकेक विषय तीन दिवस फिरून येतो, पण नोंदीत धरलं जातं ते पहिल्या दिवसाचं उत्तर. निकाल भोजनघराच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा.

आता काल कोण कुणाजवळ बसलं, कुणाच्या ठोक्यांमागे कुणाचे ठोके गेले आणि आज सकाळी कुणाला जास्त कळलं, हे हजारो संध्याकाळींचं जुळवून पाहिलं की प्रत्येक माणसाचा परिणाम वेगळा काढता येतो. त्या आकड्याला संगांक म्हणतात. तुमच्या संगतीत राहणाऱ्यांचे पडताळ्यातले गुण सरासरी कितीनं वाढतात, तो तुमचा संगांक. बहुतेकांचा दोन-तीन असतो. आमच्या ओजस करमरकरचा उणे एक होता. मुलगा पुण्याचा, हुशार, सगळ्या विषयांवर सगळं माहीत असलेला. तो बोलायला लागला की बाकीच्यांचे ठोके झोपल्यासारखे संथ व्हायचे.

दर सत्राच्या सुरुवातीला संगांक बघून मेळ मुलांची अदलाबदल करतं. त्या जूनमध्ये आमच्याकडे चित्रलेखा गुट्टे आली.

"मॅडम, हिला जपा," मल्हार फोनवर म्हणाला. "हिचा संगांक चौदा आहे. आख्ख्या विद्यापीठात एवढा कुणाचा नाही. गेल्या तीन सत्रांत तिनं तीन कुलं वर काढलीत."

"मग फारच हुशार असेल."

"तीच तर गंमत आहे. तिची स्वतःची सरासरी अडतीस."

गंगाखेडची ही मुलगी, शेवटच्या वर्षाला, विषय भूजल. उंच, किडकिडीत, हसली की हात तोंडापुढे नेणारी. तिला मी नाझनीन मुजावरच्या खोलीत जागा दिली, कारण दुसरी रिकामी नव्हती. नाझनीन मिरजेची, पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला. ती आमच्याकडे वर्षभर होती आणि वर्षभरात तिनं पंगतीत उच्चारलेले शब्द मी बोटांवर मोजले असते. 'वाढू का', 'पुरे' आणि 'माझं झालं'. मला वाटायचं, पोरीला घरची आठवण येत असेल. खरं म्हणजे तिला भीती वाटायची. आपण बोललो आणि चुकलो तर, एवढीच.

चौथ्या-पाचव्या दिवशी पंगतीत चित्रानं तिला विचारलं, "नाझनीन, हे बाष्पदाब काय असतं गं? मला आमच्या विषयात लागतं, पण डोक्यातच शिरंना."

ओजसनं तोंड उघडलं. मी त्याच्या पानात भाकरी वाढली. नाझनीन खाली बघत कसंबसं दोन वाक्यं बोलली, पुस्तकातलीच. चित्रानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर सगळ्यांनी पाहिलं: चित्रा गुट्टे, बाष्पदाब, नऊपैकी शून्य.

"अगं, काल सांगितलं ना तुला!" नाझनीन चक्क मोठ्यानं बोलली. न्याहारीचे पोहे हातात घेऊन तिनं चित्राला बाकावर बसवलं. "हे बघ. पातेल्यात पाणी आहे. त्यातल्या प्रत्येक कणाला वर उडी मारायची आहे, पण वरून हवा दाबून बसलीय. पाणी तापवलं की उड्या जोरात होतात. त्यांचा जोर हवेच्या जोराइतका झाला की पाणी उकळलं. आता आपण इथं डोंगरावर आहोत, हवा विरळ, दाब कमी. मग उकळायला जास्त तापायला लागेल का कमी?"

"जास्त," चित्रा म्हणाली.

"कमी गं बाई! दाबणारं कमी आहे ना!"

तिसऱ्या दिवशी पुन्हा शून्य आणि नाझनीननं पुन्हा, आता वाफेच्या शिट्टीसह, सगळं सांगितलं. चौथ्या दिवशी चित्राला नऊपैकी नऊ. नाझनीननं भोजनघरात टाळ्या वाजवल्या. तिचे स्वतःचेही नऊपैकी नऊ होते, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

पुढचे तीन महिने हेच चाललं. चित्राला काही कळायचं नाही आणि सगळे तिला समजवायचे. समजावता समजावता त्यांनाच उमगायचं की आपल्याला अर्धवट माहीत होतं. मग पुस्तकं निघायची, भांडणं व्हायची, टेबलावर पिठाचे डोंगर आणि पाण्याच्या नद्या व्हायच्या. ओजसदेखील समोरच्याला कळतंय का हे बघून बोलायला लागला. सप्टेंबरात आपटा दुसऱ्या क्रमांकावर आलं. कुलपालकांच्या बैठकीत पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली तेव्हा मी नवी साडी नेसून गेले होते, हे कबूल करते.

नाझनीन तर ओळखू येईना. ती घरी फोन करायची तेव्हा ओसरीवरून ऐकू यायचं, "अब्बा, मी शिकवते इथं. हो, खरंच." पुढच्या सत्रात शेजारच्या ज्युनियर कॉलेजात तास घेण्यासाठी तिनं अर्ज केला. वर्षभरापूर्वी ही मुलगी मीठ मागायला लाजत होती.

त्याच महिन्यात दोन कागद माझ्याकडे आले. पहिला चित्राचा होता. 'खोल पाणी' प्रकल्पात दोन वर्षं संशोधनासाठी तिला जागा हवी होती. बेसॉल्टच्या थरांखाली, पाचसहाशे मीटरवर, हजारो वर्षं अडकलेलं पाणी शोधायचा प्रकल्प. त्यासाठी वैयक्तिक सरासरी साठ लागते, किंवा मग कुलपालकानं कारणं देऊन फेरपरीक्षेची शिफारस करायची. मुदत बारा ऑक्टोबर. दुसरा कागद मल्हारचा. चित्राला पदवीनंतर विद्यापीठात कायमची 'संगी' म्हणून नेमावं, म्हणजे दर सत्राला सगळ्यांत मागे पडलेल्या कुलात तिनं जाऊन राहायचं. तसं झालं तर संशोधनाचा अर्ज आपोआप रद्द.

"मॅडम, ती मुलगी विरजण आहे," मल्हार म्हणाला. "जिथे घालाल तिथे दही लागतं. विरजणानं संशोधन करायचा हट्ट कशाला धरायचा? आणि अडतीसमध्ये तिला घेणार कोण?"

मला त्याचं म्हणणं पटलं. दुसऱ्या क्रमांकावर बसलेल्या माणसाला अशा गोष्टी पटकन पटतात. तरी मुलीनं अर्ज केलाय तर चार बरे शब्द लिहावेत, म्हणून मी तिचे जुने पडताळे काढून बसले. काहीतरी चांगलं सापडेल, या आशेनं.

सापडलं ते वेगळंच. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी चारांतलं एक उत्तर बरोबर येतं. नऊ प्रश्नांत अंदाजपंचे दोन तरी यायलाच हवीत. नऊपैकी शून्य एखाद्या वेळी येऊ शकतं, तेरा-चौदा वेळांत एकदा. चित्राचं शून्य सलग पाच विषयांना आलेलं होतं. मी कागदावर मांडून पाहिलं, तर चार लाखांत एकदा असं घडतं. बरं, डोक्यात चुकीची समजूत घट्ट बसली असेल म्हणावं, तर तिसऱ्या पडताळ्याला नऊपैकी नऊ. माणूस असा शून्यावरून नऊवर उडी मारून शिकत नाही. तो आधी तीन चुकतो, मग एक चुकतो, मग पुन्हा दोन चुकतो. पंचवीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात मी.

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चुकवायचं असेल तर आधी प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. हे मेळच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी मुद्दाम मागे पडेल ही शक्यताच ते बांधणाऱ्यांनी धरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चित्राला प्रयोगशाळेत बोलावलं आणि कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं तो पाहिला आणि हात तोंडापुढे नेला, पण हसली नाही.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षापासून, मॅडम. मी आंबा कुलात होते तवा." ती स्टुलावर बसली. "आधी मला सगळं बरोबर यायचं. मग सगळे माझ्याकडं यायचे. चित्रा हे सांग, चित्रा ते सांग. मी सांगायचे. ते हां हां म्हणायचे आन् निघून जायचे. त्यांना काईच येत नव्हतं, आन् मला कुणी 'जेवायला बस' म्हणत नव्हतं. एकदा मला ताप होता, सगळं चुकलं. तर एक पोरगी तासभर माझ्या उशाशी बसून समजावत होती. दुसऱ्या दिवशी तिचं सगळं बरोबर आलं. लई खूश झाली ती. मग मी पुन्हा चुकले."

"आणि तुझी सरासरी? तुझं संशोधन?"

"तवा कुठं ठाऊक होतं हे सगळं मोजायलेत म्हणून." तिनं कागद उलटा करून ठेवला. "मॅडम, लोक जवळ बसतात हो. मला तेच पाहिजे होतं."

मी शेवटी मास्तरीणच. म्हटलं, "मी हे लिहिते. फेरपरीक्षा होईल, तू पास होशील, विषय संपला."

"नको, मॅडम. तुम्हाला माहिताय ना, कागद वाचावा लागतो."

तिचं बरोबर होतं. कुलाचा तो रिवाज आहे आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. कुलातल्या कुणाबद्दलही कागद बाहेर जायचा असेल, शिफारस असो की तक्रार, तर तो रविवारी दुपारच्या पंगतीत मोठ्यानं वाचायचा. त्या दिवशी ज्याची वाढायची पाळी, त्यानं वाचायचा. बाराजणांच्या सह्या असल्याशिवाय कार्यालय कागद घेतच नाही. पाठीमागून कुणी कुणाबद्दल काही लिहू नये, यासाठी हे.

"नाझनीनला कळलं तर ती पुन्हा गप्प बसंल," चित्रा म्हणाली. "तिला वाटतं तिनं मला शिकवलं. तेवढ्यावरच उभी राहायलीय ती. माझं राहू द्या."

मी राहू दिलं. अठरा दिवस. स्वतःला सांगितलं की मी नाझनीनसाठी गप्प आहे. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. आपटा पुन्हा तेविसावं झालेलं मला नको होतं. रोज सकाळी भिंतीवरचं शून्य बघायचं, नाझनीनचं "बस इथं" ऐकायचं आणि चहाचा कप घेऊन तिथून निघून जायचं, असं चाललं होतं. आठ ऑक्टोबरला मल्हारनं संगीच्या नेमणुकीचा मसुदा पाठवला. मी तो चित्राला दाखवला. तिनं तो सावकाश वाचला, "बरं" म्हणाली आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली.

"मॅडम, एक विचारू? संगी झाले तर अजून किती वर्षं चुकावं लागंल?"

तिनं ते कुरबुर म्हणून विचारलं नव्हतं. बसची वेळ विचारावी तसं विचारलं. मला रडू आलं आणि मी ते तिच्यापासून लपवलं नाही.

"बस," मी म्हटलं. "आपण पत्र लिहू या."

लिहून झाल्यावर मी पाळ्यांचा तक्ता पाहिला. अकरा ऑक्टोबर, रविवार: नाझनीन मुजावर. म्हटलं, ओजसशी पाळी बदलून घेऊ. चित्रानं मान हलवली. "बदलली तर तिला वाटंल, तिच्यापासून लपवायलेत. आधीच लई लपवलंय."

"मग तूच तिला आज सांग की. वाचायच्या आधी."

"सांगते," ती म्हणाली. तीन दिवस ती ते सांगू शकली नाही. मी रोज तिच्या तोंडाकडे बघायचे आणि समजायचे.

रविवारी मसालेभात होता. नाझनीननं सगळ्यांना वाढलं, हात पुसले आणि माझ्याकडून पत्र घेतलं. "चित्राची शिफारस!" ती आनंदानं म्हणाली आणि उभ्यानं वाचायला लागली. "'कुमारी चित्रलेखा गुट्टे हिची सरासरी अडतीस असली, तरी ती तिच्या समजेची खरी नोंद नाही. पंगतीत चर्चिलेल्या विषयांची उत्तरं ती गेली अडीच वर्षं जाणूनबुजून...'"

ती थांबली. मला वाटलं, आता कागद टाकून निघून जाईल. मी अर्धी उठले. तिनं पुढची ओळ वाचली, त्याच आवाजात, न अडखळता.

"'...चुकवत आली आहे. सहाध्यायांनी तिला समजावून सांगावं आणि त्यातून त्यांचीच समज वाढावी, असा तिचा हेतू होता. तिला हे विषय आधीपासून उत्तम येतात, याचे पुरावे सोबत जोडले आहेत. तिची फेरपरीक्षा घ्यावी, ही विनंती.'"

शेवटची ओळ वाचून तिनं कागद टेबलावर ठेवला, पहिली सही स्वतः केली आणि पुढे सरकवला.

"म्हणजे मी चार दिवस उपग्रहाच्या कक्षा शिकवल्या, ते?" ओजस म्हणाला. चित्रानं पानाकडे बघत मान डोलावली. एरवी कुणीतरी हसलं असतं. त्या दिवशी बाराही सह्या गुपचूप झाल्या. नाझनीननं सगळ्यांना ताक वाढलं, चित्रालाही, आणि "माझं झालं" म्हणून उठून गेली. तिच्या पानात भात तसाच होता.

फेरपरीक्षेत चित्राला त्र्याण्णव मिळाले. 'खोल पाणी'वाल्यांनी तिला लगेच बोलावलं, दिवाळीआधीच रुजू व्हायचं आणि पदवीचं शेवटचं सत्र तिथूनच पुरं करायचं होतं. मल्हार स्वतः आपट्यात आला, पेन चावत भिंतीपुढे उभा राहिला.

"मॅडम, आम्ही नक्कल धरली होती, आळस धरला होता, कडं दुसऱ्याच्या हातात घालणंही धरलं होतं. मुद्दाम शून्य मिळवणारा माणूस धरला नव्हता."

"तुला चौदाचा आकडा मिळाला की पुढे काही विचारायचं नसतं का रे?" मी म्हटलं. मग वाटलं, हे मी कुणाला विचारतेय? मीही नवी साडीच नेसले होते.

कुल अकराव्या क्रमांकावर घसरलं. तेही चाललं असतं. पण नाझनीन आणि चित्रा एका खोलीत राहून बोलत नव्हत्या, ते बघवत नव्हतं. नाझनीन भांडली नाही, रागावली नाही. ती फक्त पुन्हा 'वाढू का' आणि 'पुरे'वर आली. ज्युनियर कॉलेजच्या तासासाठीचा अर्ज मागे घेण्याबद्दल तिनं मला विचारलं. मी म्हटलं, तू उत्तम शिकवतेस. ती म्हणाली, "तुम्ही म्हणणारच, मॅडम. तुम्ही आमच्या कुलपालक." अब्बाही म्हणणार, ते अब्बा म्हणून. तिच्या लेखी आता कुणाच्याच शब्दाला वजन उरलं नव्हतं. अर्जावर 'मागे घेत आहे' अशी ओळ लिहून तिनं तो माझ्याकडे दिला, आणि मी तो दोन दिवस तसाच ठेवला.

चित्रा निघायची त्याच्या आदल्या दुपारी नाझनीन स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी कोठीघरात डाळींचे डबे बघत होते. चित्रा आली आणि दाराशी उभी राहिली. कोठीघराचं दार उघडं होतं. मी खोकले नाही आणि बाहेरही आले नाही. मला ऐकायचं होतं.

"एक विचारायचंय," नाझनीन म्हणाली. अकरा दिवसांत तिचं चित्राशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "खरं सांगणार असशील तर."

"सांगते."

"मी चार महिने जे जे सांगितलं, त्यातलं एक तरी तुला आधी ठाऊक नव्हतं, असं होतं का?"

मी मनात म्हटलं, अगं, एक तरी सांग. तुझं काय जातंय? एक लहानसं खोटं बोल आणि पोरीला जाऊ दे सुखानं.

"नाही," चित्रा म्हणाली. "सगळं ठाऊक होतं."

"सगळं?"

"सगळं."

मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

"म्हणजे मी चुकत असले, तर तुला तिथंच कळत होतं."

"हो."

"कितीदा चुकले मी?"

चित्रा खरोखर आठवू लागली. "दोनदा. एकदा म्हणालीस, पातेलं रुंद घेतलं की बाष्पदाब कमी होतो. दुसऱ्या दिवशी तूच येऊन म्हणालीस, काल चुकलं माझं, रुंदीचा संबंध नाही. आन् एकदा लंबकाला. वजन वाढवलं की झोका सावकाश होतो म्हणालीस. त्या दिवशी तू दोरीला बटाटा बांधलास, मग कांदा बांधलास, आन् आपलं आपणच दुरुस्त केलंस."

"तू काही बोलली नाहीस तेव्हा."

"मला बघायचं होतं, तुला सापडतं का."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सगळं बरोबर. आमच्या सरांनी मला बाष्पदाब शिकवला तेव्हा मला येत होता, पण कळला नव्हता. तू उड्या मारणारे कण सांगितलेस ना, तेव्हा वाटलं, असं असतं होय. उत्तर आधी ठाऊक होतं गं. असं सांगता येतं, हे ठाऊक नव्हतं."

मेथीचं ताट सरकवल्याचा आवाज आला, मग नाझनीनचा. "बाकीच्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांना मी चांगली वाटले. तुला तर येत होतं."

"म्हणून तर सांगायले."

"माझा राग गेलेला नाही," नाझनीन म्हणाली. "तू मला येडं बनवलंस. रोज. माझ्यासमोर बसून."

"हो."

"नुसती उभी राहू नकोस. ती जुडी घे."

चित्रानं जुडी घेतली. मी कोठीघराच्या मागच्या दारानं बाहेर पडले आणि खोलीत जाऊन नाझनीनचा अर्ज तिच्या टेबलावर परत ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा माझ्याकडे आला, 'मागे घेत आहे' ही ओळ खोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं चित्रा गेली. नाझनीन तिला सोडायला फाटकापर्यंत गेली नाही. खिडकीतून बघत होती, हे मात्र मी पाहिलं. दिवाळीनंतर त्या खोलीत दुसरी मुलगी आली, परभणीची, बडबडी. महिने गेले. चित्राची पत्रं मला यायची. तीनशे मीटरवर ओला खडक लागला, चारशेवर नळी अडकली, असं सगळं. नाझनीनबद्दल ती विचारत नसे आणि मीही लिहीत नसे.

मार्चमध्ये चित्राचं पत्र आलं, चार ओळींचं. नाझनीनचा फोन आला होता. ज्युनियर कॉलेजात तिचा पहिला तास झाला होता, अठ्ठावीस मुलं होती, आणि एकालाही काही कळलं नव्हतं. कुठं चुकलं, हे विचारायला तिला एकच माणूस सुचलं होतं.